सायकलवरचं माहेर

सायकल भरायची तर जड ते खाली, हलकं ते वर, आणि वाटेत जे आधी लागणार ते सगळ्यात शेवटी. आमच्या घरात बाराखडीच्या आधी मला हे पाठ झालं.

माझे वडील सरकारी देवी टोचणारे होते. मी त्यांना आबा म्हणायचे, पण गावोगावचे लोक देवीडॉक्टर म्हणत, आणि ते त्यांना मनातून फार आवडायचं. पन्नास सालाच्या आगेमागे शिरूरला आमचं बिऱ्हाड होतं. निमोणं, न्हावरं आणि मधल्या सगळ्या वाड्यावस्त्या त्यांच्याकडे. एकदा बाहेर पडले की गावामागून गाव करत आठवडाभर घरी यायचे नाहीत. कुणाच्या घरी उतरायचे नाहीत, कारण पोराला सुई टोचून रडवायचं आणि मग त्याच्याच आईकडे भाकरी मागायची, हे त्यांना पटायचं नाही. देवळापाशी नाहीतर झाडाखाली मुक्काम टाकायचा आणि हातानं करून खायचं. त्यामुळं अख्खा संसार सायकलवर घालून न्यावा लागायचा, आणि तो भरायला मी. आई मला कळतं व्हायच्या आत गेली होती. आबा दौऱ्यावर असले की शेजारच्या मुसलमान घरातल्या खाला मला सांभाळायच्या, जेवायला घालायच्या आणि वेण्या घालताना माझे केस असे ओढायच्या की डोळ्यांत पाणी यावं.

सायकल काळी, डबल दांड्याची. लोहाराकडून आबांनी कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या. खालांनी जुन्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या आपल्या मशीनवर शिवून दिल्या होत्या. त्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोंबायच्या. डावीकडे पिठाचा डबा, तांदूळ, डाळ, मीठ, तिखट. उजवीकडे पातेलं, पातेल्यात तवा, तव्यावर कपड्यांची घडी आणि घडीत कंदिलाची काच. वरून ताडपत्रीत गुंडाळलेली वळकटी. लशीची पेटी मात्र आबा खांद्याला अडकवायचे, ती सायकलवर कधी ठेवली नाही. पुढं हँडलला सुतळीच्या जाळीत फिरकीचा तांब्या, कारण वाटेत आधी तहान लागते. परात कुठंच मावायची नाही. ती वळकटीच्या मागं उभी बांधावी लागे. त्यामुळं दौऱ्याला निघालेले आबा मागून दिसायचेच नाहीत, एक चकाकती परात तेवढी रस्त्यानं जाताना दिसायची.

दोरी ते वापरत नसत. दोरी सैल पडते म्हणायचे. फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या असत, त्या ताणून आवळायच्या. सगळं बांधून झालं की ते सीट धरून सायकल गदागदा हलवायचे. "कुठं वाजतंय?" मी कान लावून सांगायची, "उजवीकडं, पळी." मग सगळं सोडायचं, पळीला फडकं गुंडाळायचं आणि पुन्हा भरायचं. मी लहानपणापासून तापट. एकदा म्हटलं, "वाजू द्या की पळी, ती काय कुणाला चावतीय?" तर म्हणाले, "वाजतं म्हंजी घासतं. घासतं म्हंजी झिजतं." झिजेल ती पळी झिजेल, असं माझं मत होतं. पण पट्ट्या मी सोडल्या.

माझं लग्न भीमेपलीकडच्या राहू गावात झालं. घर शेतकऱ्याचं, विहीर, ऊस, गुळाचं गुऱ्हाळ. माणसं चांगली होती, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की सासरी छळ होता. छळ कुणाचाच नव्हता. आमच्यात एक रीत होती तेवढी. लेकीची कूस उजवेपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. बहुतेक घरांत ही रीत वर्ष-दोन वर्षं पाळावी लागते, मग बारसं होतं आणि आजोबा पोटभर जेवतात. मांडवात कुणीतरी आबांना विचारलं, "आता राहूला कवा येनार?" आबा सगळ्यांच्या देखत हसून म्हणाले, "येईन की. पर पानी पिईन ते नातवाच्या हातचं." सगळे हसले. मुंडावळ्यांच्या आड मीही हसले.

त्याच हिवाळ्यात ते आले. न्हावऱ्यापर्यंत खडीचा रस्ता, पुढं बैलगाडीची वाट, आणि मग आडवी भीमा. सकाळी निघालेला माणूस उन्हं कलायला पोचायचा. त्याच दिवशी परत फिरणं शक्य नाही, आणि आमच्याकडे राहावं तर उपाशी राहायला पाहिजे. म्हणून आबांनी दौऱ्यासारखी सायकल भरली आणि नदीवर आले. त्या वेळी नदी ओलांडायला गुऱ्हाळातली काहील वापरायचे. ज्या मोठ्या कढईत उसाचा रस आटवतात, तीच पाण्यात सोडायची, आणि ती गरगर फिरत पलीकडे जायची. आबांनी सायकल आत घेण्याआधी नाववाल्याला विचारलं म्हणे, "ही काहील कुणाच्या गुऱ्हाळाची?" जावयाची नाही म्हटल्यावर पाय आत टाकला.

बांधाच्या वळणावर परात उन्हात चमकली आणि मी ओळखलं. हातातलं काम टाकून पळत सुटले.

ते अंगणात आले, ओट्यावर टेकले, सगळ्यांची विचारपूस केली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, रीतीप्रमाणं विचारलं, "पानी आणू?" आबांनी रीतीप्रमाणं हात जोडले. मग उठले आणि मुक्कामाला झाड शोधायला लागले. आमचे मालक बरोबर गेले. मी मागून. पहिलीच चिंच बघून आबांनी सायकल स्टँडवर लावली, तर मालक अवघडून म्हणाले, "मामा, ही चिंच आमचीच हाय."

आबांनी स्टँड काढला. पुढच्या आंब्यापाशी विचारलं, "ही?"

"ही भावकीची."

"भावकी म्हंजी तुम्हीच की." आबा पुढं चालायला लागले. असं करत करत नदीच्या काठाला आलो. तिथं एक करंज होता.

"हा कुणाचा?"

"हा सरकारी," मालक म्हणाले.

"मग झालं. सरकारचं मीठ मी खाल्लेलंच हाय," म्हणून आबांनी वळकटी सोडली.

त्यांचा तंबू म्हणजे सायकलच. ओझं उतरलं की ती स्टँडवर उभी करायची, ताडपत्रीचं एक टोक हँडलला, दुसरं सीटला, आणि खालची दोन टोकं खुंट्या ठोकून जमिनीला. तीन दगडांची चूल. पाणी नदीचं, ते कुणाच्याच घरचं नाही. मी पदराखाली दोन वांगी नेली होती. ती त्यांनी बघितली आणि परत पाठवली. "हात मोकळे घिऊन यायचं," म्हणाले. मी चिडून वांगी घरी ठेवून आले आणि चुलीपुढं बसायला गेले, तर तिथूनही उठवलं. "माहेराला आल्यावर लेकीनं चुलीपुढं बसायचं नसतं."

तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की मी माहेरी आले आहे. शिरूरच्या घराला कुलूप होतं. आई नाही, भाऊ नाही, दिवाळीला नेऊन आणणारं कुणी नाही. आबांनी घर उचलून सायकलवर घातलं होतं आणि माझ्या हाकेच्या अंतरावर आणून मांडलं होतं. मी वळकटीवर बसले. त्यांनी पिठलं केलं, जाडजूड भाकऱ्या थापल्या, आणि मला वाढलं. खालांनी पाठवलेल्या बांगड्या पिठाच्या डब्यातून, पिठात पुरलेल्या निघाल्या. फुटू नयेत म्हणून. मी पिठानं माखलेल्या बांगड्या हातात चढवल्या आणि रडले. आबा म्हणाले, "तिखट लागलं का?"

पुढं दर हिवाळ्याला हे ठरून गेलं. परात दिसली की आत्याबाई स्वतःच म्हणायच्या, "जा बाई, माहेराला जाऊन ये," आणि आपण चूल सांभाळायच्या. मी भरल्या घरातून उठून नदीकाठी जायची आणि करंजाखाली लोळायची. आबा शिरूरच्या गमती सांगायचे. त्यांच्या पिठल्यात मीठ कमीजास्त असायचं. तरी मी भांडी चाटून पुसून जेवायची.

पण मूल काही होईना.

एक वर्ष, दोन वर्षं माणसं थट्टा करतात. नंतर थट्टा थांबते आणि ते जास्त लागतं. पुण्याचा दवाखाना झाला, जो तो सांगेल ते झालं. दर हिवाळ्याला आबा ओट्यावर टेकायचे, आत्याबाई विचारायच्या, "पानी आणू?" आणि आबा हात जोडायचे. पहिल्यांदा त्यावर सगळे हसायचे. मग कुणी हसेना. मग आत्याबाई विचारतानाच जमिनीकडं बघायला लागल्या. विचारणं सोडावं तर तो पाहुण्याचा अपमान, आणि विचारावं तर माझं उणं सगळ्यांपुढं मांडल्यासारखं. मला त्या एका क्षणाची वर्षभर धास्ती असायची. रहाट ओढून ओढून हाताला घट्टे पडलेली बाई मी, अख्ख्या शिवारातल्या रोजगाऱ्यांना पाणी पाजायची, आणि उन्हातून सायकल मारत आलेल्या माझ्या बापाला तांब्याभर पाणी देता येत नव्हतं.

त्यांना गोडाची भयंकर आवड. करंजापासून आमचं गुऱ्हाळ दिसायचं. रस उकळला की वास थेट नदीपर्यंत. एकदा मालकांनी गरम काकवी वाटीत घालून त्यांच्यापुढं धरली. आबांनी मान फिरवली आणि नदीकडं बघत बसले. माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "आबा, बोटभर चाटली तर आभाळ कोसळायचं न्हाई."

"कोसळंल," ते म्हणाले. "माझ्यावर कोसळणार असतं तर कवाच चाटली असती. तुझ्यावर कोसळंल."

तेव्हा मला कळलं की ते रीत पाळत नव्हते, ते भीत होते. आपण घोटभर पाणी प्यायलो आणि पोरीची कूस त्यामुळं कायमची मिटली तर? ज्यांनी हजारो पोरांना देवी टोचल्या, अंगारे-धुपारे करणाऱ्यांशी गावोगाव भांडण केलं, ते माझ्या बाबतीत असे भित्रे झाले होते. मला त्यांचा राग आला आणि मायाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं मी भांडी घासायला नदीवर निघून गेले.

आता त्या हिवाळ्याचं सांगते.

आबांना पेन्शन लागून काही वर्षं झाली होती. खोकला जात नव्हता. ते आले ते मला कळलंच नाही, कारण बांधाच्या वळणावर काही चमकलं नाही. अंगणात सायकलची घंटी वाजली तेव्हा मी बाहेर आले. म्हटलं, परात घोंगड्याखाली झाकली असेल. नेहमीसारखी आधी सायकलला हात घातला, कारण आबांशी बोलायच्या आधी मी ओझं उतरवायची. पट्ट्या सोडल्या. डाव्या पिशवीत हात घातला, पिठाचा डबा नाही. तांदूळ नाही, मीठ नाही. उजव्या पिशवीत पातेलं नाही, तवा नाही. डोळे मिटून सांगता येईल अशा सगळ्या जागा मी चाचपल्या. हँडलला जाळी होती, जाळीत तांब्या नव्हता. ताडपत्रीही नाही. नुसतं एक घोंगडं आणि धोतराची घडी.

मी त्यांच्यावर उखडले. "आबा, सगळं इसरून आलात. खालांनी बी बघितलं न्हाई का? आता खाणार काय?" तोंड चालू होतं आणि डोकं वेगळंच शोधत होतं, परात कुठून आणू, भावकीबाहेरचं पीठ गावात कुणाकडं मिळेल, ते आबांना चालेल का.

"इसरलो न्हाई," आबा म्हणाले.

त्यांनी सायकल ढकलत नेली आणि आमच्या भिंतीला टेकवली. इतक्या वर्षांत ती आमच्या भिंतीला कधी टेकली नव्हती. मग ओट्यावर बसले. आत्याबाई दारात आल्या, जमिनीकडं बघत म्हणाल्या, "पानी आणू?"

"आणा," आबा म्हणाले. "गूळ बी आणा. लेकीच्या हातनं येऊ द्या."

मी ट्यूबची पट्टी हातात घेऊन उभीच होते. किती वर्षं मी हे मागत होते. नदीवर, देवापुढं, रहाटावर. आणि आता ते आलं तर मला नको झालं. कारण आबा हात जोडत होते तोवर निदान एक माणूस तरी वाट बघत होता. मी आशा सोडली होती, मालकांनी सोडली होती, आत्याबाईंनी तर बोलून दाखवायचंही सोडलं होतं. आबा पाणी प्यायले की संपलं, मग कुणीच राहिलं नाही.

"मी न्हाई देणार," मी म्हटलं. "एवढी वाट बघितली, आणखी बघा."

आबा खोकले, दम घेतला. "वाट बघायची सोडली न्हाई पोरी. पर नातवाची वाट बघता बघता लेकीच्या दारात मी परका झालो. यंदा सायकल भरायला घेतली आन् परात बांधता येईना. हात वर जाईना. मग बसलो तिथंच. म्हटलं, पुढच्या साली यायला जमंल न जमंल. न्हाई जमलं तर ही जलमभर म्हणंल, माझ्या घरचं पानी माझा बाप प्याला न्हाई."

मी हातातली पट्टी बोटांभोवती गुंडाळत राहिले.

"नातू न्हाई झाला तरी माझं चालंल," ते म्हणाले. "तुझ्या हातचं पानी न पिता जाणं मला चालायचं न्हाई."

आत्याबाईंनी पुढं होऊन माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि घागर दिली. म्हणाल्या, "जा, ताजं शेंदून आण." ती बाई शहाणी होती. मला रडायला जागा पाहिजे होती ते तिनं ओळखलं. विहिरीवर मी रडून घेतलं, तोंड धुतलं, घागर भरली. आले तोवर वाटीत गूळ तयार होता. मी तांब्या भरून आबांच्या हातात दिला. त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, मान वर करून गटागटा सगळा तांब्या प्यायले आणि पुन्हा पुढं केला.

"गोड हाय की गं," म्हणाले. "इतकी वर्सं सांगितलं न्हाईस."

चार दिवस ते आमच्या घरात राहिले. मी त्यांना काय काय करून घातलं ते सांगत बसत नाही. घरातली माणसं म्हणायला लागली की सणसुद्धा एवढा होत नाही. एका संध्याकाळी आम्ही दोघं सवयीनं करंजाकडं गेलो, तिथले काळे पडलेले तीन दगड बघितले, आणि जेवायला घरी आलो.

माझी कूस पुढंही उजवली नाही. त्याचं दुःख झालं, अजून कधी कधी होतं. आबा त्यानंतर राहूला आले नाहीत. पण त्यांच्या आजारपणात मी शिरूरला गेले तेव्हा आमच्या दोघांत काही राहून गेलेलं नव्हतं, आणि हे मोठं सुख आहे.

तर त्या चार दिवसांनंतर ते राहूहून निघाले त्या सकाळी सायकल भरायला मी बसले. लग्नानंतर पहिल्यांदा मला त्यांच्या सायकलवर काही घालता येणार होतं. आजवर ती आमच्याकडून जाताना आली त्यापेक्षा हलकी जायची, पीठ संपलेलं, डबे रिकामे. जड ते खाली म्हणून डावीकडे गुळाची ढेप, उजवीकडे तेवढ्याच वजनाच्या शेंगा. वर खालांसाठी काकवीची बाटली, फडक्यात गुंडाळून. सगळ्यात वर भाकरी, चटणी, कांदा. जाळीत आमच्या घरचा तांब्या, आमच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला, कारण वाटेत आधी तहान लागते. आबांनी सीट धरून सायकल हलवली. "कुठं वाजतंय?" मी कान लावला. काही वाजत नव्हतं.

मालक त्यांना न्हावऱ्याच्या एसटीपर्यंत पोचवून सायकल टपावर चढवून देणार होते. त्यांनी सायकल स्टँडवरून काढली आणि ती एकदम कलंडली. कशीबशी सावरून ते म्हणाले, "मामा, लई जड झालीया. काहिलीत बसायची न्हाई. थोडं काढून ठिवू."

"एक शेंग बी काढू नका," आबा म्हणाले. "इतकी वर्सं हितनं रिकामी गेलीया ती."